भाकरीची गाडी बंद करायची नसते

आमच्या ह्यांची गाडी म्हणजे माझी सवत, हे मी लग्न झाल्यापासून चारचौघांत सांगत आले आहे. गाडी म्हणजे ट्रक, जुना, पुढे नाक असलेला. ही सवत माझ्या आधी घरात आलेली. कांदा, ऊस, खडी, कुणाचं बिऱ्हाड, कुणाच्या मांडवाचे खांब, जे मिळेल ते तिनं वाहिलं आणि त्यावर आमचं घर चाललं, हे खरं. पण दसऱ्याला झेंडूचा पहिला हार तिला आणि मला सोनं म्हणून आपट्याची दोन पानं, हेही खरंच. ती आजारी पडली की हे दिवसदिवस तिच्याखाली उताणे. मला ताप आला तर "गोळी घी की एखादी" एवढ्यावर भागायचं.

तिचं वयही झालेलं. डिझेल दाखवणारा काटा कधीच मेला होता. हे टाकीत बांबूची काठी बुडवून डिझेल बघायचे. काठीवर चाकूनं खाचा पाडलेल्या, आणि कुठल्या खाचेवर कुठवर जाता येतं ते फक्त ह्यांना कळायचं. बॅटरीची तर वेगळीच तऱ्हा. सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी लागली तर लागली, नाहीतर आळीतल्या माणसांना ढकलायला बोलवायचं. खरं म्हणजे बोलवावं लागायचंच नाही. सेल्फचा तो रडका आवाज कानावर आला की माणसं आपोआप चपला घालायची.

तर अशा ह्या गाडीवरून गावाच्या बैठकीत रामायण झालं.

आमच्याकडे, श्रीरामपूरच्या बाजूला, श्रावणात मोठा सप्ता बसतो. आठवडाभर रोज कीर्तन, आणि कीर्तन झालं की येईल त्याला आमटी-भाकरीची पंगत. आमटी तिथंच मोठमोठ्या कढयांत शिजते, भाकरी मात्र गावागावांतून येते. गावांचे वार ठरलेले असतात. आपल्या वाराला गावातल्या प्रत्येक घरानं पहाटे उठून भाकरी थापायची, सगळ्या भाकरी एका गाडीत गोळा करायच्या आणि कीर्तन संपायच्या आत मांडवात पोचवायच्या. पंगत बसली आणि एखाद्या गावाची भाकरी आलीच नाही, तर कोणी रागवत नाही. पण पुढे कितीतरी वर्षं त्या गावाचं नाव निघालं की लोक गालातल्या गालात हसतात. त्यापेक्षा रागावलेलं परवडतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गावाला वार मिळाला तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक भरली. भाकरी कुणाच्या गाडीतून न्यायची एवढाच प्रश्न होता. ह्यांनी हात वर केला. तेवढ्यात ह्यांचे चुलतभाऊ उठले. नात्यानं माझे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी नुकतीच नवी कोरी पिकअप घेतली होती आणि माणूस मुळात तोंडानं फटकळ.

"दादाची गाडी नको," ते म्हणाले. "ती भंगारात घालायची सोडून तिच्यात भाकरी कशाला भरायच्या? रस्त्यात बसली तर गावाचं नाक जाईल."

आता, हे काही खोटं नव्हतं. घरात मी रोज हेच बोलत होते. पण घरातलं बोलणं घरात जिरतं, पारावरचं जिरत नाही. हे सावकाश उठले. ह्यांच्या तोंडून शब्द निघायला मुहूर्त लागतो, त्या दिवशी तो लागला नाही.

"भाकरी माझ्याच गाडीतनं जाईल," हे म्हणाले. "पंगत बसायच्या आत माझ्या गाडीतनं मांडवात पोचली न्हाई, तर सप्ता उठल्यावर मीच गाडी भंगारात घालतो. सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

भाऊजींनी मान खाली घातली, पण बोललेलं काही परत घेतलं नाही. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. मी घरी येऊन पातेली आपटली. सवत जाणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, तर तोही धड होईना.

आमच्या वाराच्या दिवशी पहाटे सगळ्या गावात भाकरी थापल्याचा आवाज. हा आवाज मला फार आवडतो. एका घरातला नाही, अख्ख्या गावातला; इकडून थप थप, तिकडून थप थप, आणि मध्येच कुणीतरी सुनेवर ओरडतं. माझ्या शेजारी भाभीचं मुसलमानाचं घर आहे, आमची भिंत एकच. तिच्या घरची भाकरीही दरवेळी सप्त्याला जाते. तिची भाकरी पातळ, गोल आणि काठाला एक चीर नसलेली. माझी जरा बसक्या अंगाची. मी तिच्या टोपल्यात बघून नाक मुरडते आणि ती मुद्दाम झाकण उघडं ठेवते. आमची मैत्री अशी आहे.

ह्यांनी आदल्या दिवशी गाडीचा हौदा धुऊन काढला होता. त्यात नवी ताडपत्री, ताडपत्रीवर बायकांच्या धुतलेल्या साड्या अंथरलेल्या. काठी बुडवून बघितली. "सप्त्यापोतर पुरून उरतंय," म्हणाले, "वाटंत पंप हायेच." सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात लागली. मारुतीपुढे नारळ फुटला, पहिली भाकरी गाडीत चढली.

आता इथं आमच्या गावची रीत सांगायला हवी. पहिली भाकरी चढली की गाडी बंद करायची नाही. शेवटची भाकरी मांडवात उतरेपर्यंत इंजिन चालू राहिलं पाहिजे. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नाही. बैलगाडीच्या काळात बैल सोडायचे नाहीत असं असेल, आणि बैल गेल्यावर इंजिनानं त्यांची जागा घेतली असेल. काही असो, रीत ती रीत.

गाडी चालू ठेवून आम्ही गावभर फिरलो. गावातलं लवकर उरकलं, पण आमचं अर्धं गाव राहतं मळ्यांत, वस्त्यांवर. दरवर्षी ठरतं की वस्तीवाल्यांनी भाकरी रस्त्यावर आणून द्यायची. दरवर्षी कुणीही आणून देत नाही. एका वस्तीवरची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.

"रस्त्यावर आनून द्यायला भाकरी काय वावरातलं तन हाय का?" ती म्हणाली. "गाडी दारात आली पाह्यजे. माझी सून पहाटंपास्नं चुलीम्होरं बसलीया."

मग गाडी चिखलातून रिव्हर्स घेत तिच्या दारात. तिथं हळदी-कुंकू, ओवाळणं, आणि चहा घेतल्याशिवाय सोडायला ती काही येडी नव्हती. आम्ही चहा पितोय आणि इंजिन आपलं धडधडतंय. एका दारात केलं की शेजारची वस्ती रुसते, म्हणून तिच्याही दारात. असं करत करत चांगलं ऊन वर आलं. मागं हौदा भरून भाकरी, कपड्यांखालून तिचा ऊन ऊन वास, हौद्यात आमच्या गावच्या बायका भजन म्हणत बसलेल्या. पुढं केबिनमध्ये हे, मी आणि भाभी. मला वाटतं त्या वेळी गाडीत ज्या ज्या बाया होत्या त्या सगळ्या सुखात होत्या. निदान मी तरी होते.

श्रीरामपूरच्या अलीकडं पंप लागला. ह्यांनी गाडी आत घेतली. पंपावरचा माणूस पाईप हातात घेऊन आला.

"गाडी बंद करा, मालक."

"बंद न्हाई करता येत. भाकरीची गाडी हाय."

"मग मला बी डिझेल न्हाई देता येत. चालू गाडीत सोडलं तर आग लागंल."

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघंही हटत नव्हते. मी म्हणाले, "अवो, करा बंद दोन मिंटं. देवाला कळतं समदं."

"देवाला कळतं गं," हे म्हणाले. "बॅटरीला कळत न्हाई. हितं बंद केली आन लागलीच न्हाई तर? मागनं भाऊबंद येत्यात."

भाभी म्हणाली, "भाऊ, काठी तरी बुडवून बघा."

"सकाळी बघितलीया. येताना भरू."

सकाळच्या काठीत वस्त्यांवरचे चहा धरलेले नव्हते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाडी पंपातून बाहेर पडली.

शहर ओलांडून आम्ही कॅनॉलच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा. लांबून सप्त्याच्या भोंग्याचा आवाज वाऱ्यावर येत होता. तेवढ्यात गाडीला उचकी लागली. मग दुसरी. ह्यांनी पाय दाबला तर तिसरी, आणि मग काहीच नाही. गाडी आपल्या वजनानं थोडी पुढं गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागचं भजनही थांबलं. पहाटेपासून कानात धडधड भरलेली, ती गेल्यावर इतकं शांत झालं की उसातली पाखरं ऐकू आली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"बंद करायची न्हाई म्हनून भरली न्हाई," मी म्हणाले, "आन भरली न्हाई म्हनून बंद पडली. धन्य हाय तुमची."

हे खाली उतरले, टाकीत काठी घातली आणि कोरडी काठी हातात धरून उभे राहिले. त्यांचं तोंड बघून माझी बाकीची भाषणं घशातच राहिली.

पाठोपाठ भाऊजींची पिकअप आलीच. तिच्यात भजनी मंडळ आणि टाळ-पखवाज. भाऊजी उतरले. आता हा माणूस काय बोलतो म्हणून मी पदर खोचून तयारीत उभी. त्यांनी तोंड उघडलं, कोरडी काठी बघितली आणि मिटलं. मग एवढंच म्हणाले, "मी जातो पंपावर, डिझेल आनतो."

"नगं," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलत होते. "नुसतं डिझेल टाकून न्हाई लागायची. हवा धरलीया तिनं. येळ जाईल. कीर्तन काय आपल्यासाठी थांबतंय व्हय? लोकं भाकरीवाचून बसाय नगं. तू घी भाकरी तुझ्या गाडीत."

"दादा..."

"घी म्हनलं ना."

ह्यांनी स्वतः हौद्याच्या मागचा फाळका पाडला. स्वतः हौद्यात चढले आणि भाकरींची पहिली चवड उचलून भावाच्या हातात दिली. मागून शेजारच्या गावचा रिकामा टेम्पो आला, त्यालाही थांबवलं. बायकांच्या हातांनी भाकरी भराभर हलल्या. भजनी मंडळ आणि बायका मिळेल तिथं बसली आणि दोन्ही गाड्या निघून गेल्या. आमच्या गाडीत उरल्या नुसत्या साड्या अंथरलेल्या, त्यांच्यावर पिठाची पांढरी भुकटी.

हे बंपरवर बसले. "झालं," म्हणाले. "सप्ता उठला की भंगारवाल्याला फोन करतो."

आणि मला रडू आलं. खरंच आलं. एवढी वर्षं जिला शिव्या घातल्या तिच्यासाठी. ह्या गाडीच्या केबिनमध्ये माझी पोरं झोपून मोठी झाली, हिच्या टपावर मी कुरडया वाळवल्या, ह्या माणसाचा शब्द हिच्यावर टांगलेला होता आणि तो आता पडला होता. पण रडत बसले तर हेही रडतील, ही मला भीती. म्हणून मी जोरात म्हणाले, "उठा. भंगारवाल्याकडं न्यायला तरी चालू झाली पाह्यजे का न्हाई?"

मागून कोणीतरी हसलं. बघते तर भाभी. ती गेलीच नव्हती.

"तू का ग्येली न्हाईस?" मी विचारलं.

"तू एकलीच हितं ऱ्हानार आन तिकडं मी आमटी वरपू का?" ती म्हणाली, आणि तिनंही पदर खोचला.

उसाच्या पलीकडं एक शेतकरी ट्रॅक्टरनं रान नांगरत होता. मी बांधावरून हाक मारली. सप्त्याची गाडी म्हटल्यावर त्यानं काम टाकलं आणि ट्रॅक्टर घेऊनच आला. सोबत दुधाची किटली आणि रबरी नळी. नळी आपल्या टाकीत सोडून त्यानं तोंडानं डिझेल ओढलं, एक घोट तोंडात गेला तो थुंकला आणि म्हणाला, "आता पंगतीत आमटीची चव न्हाई लागायची मला." किटलीनं किटलीनं आमच्या टाकीत डिझेल पडलं.

पण खरं काम त्यापुढंच असतं. डिझेलच्या गाडीची टाकी रिकामी झाली की नळ्यांत हवा शिरते. मग वरून कितीही डिझेल ओता, ते पुढं सरकतच नाही, हवा वाट अडवून बसते. ती काढायची म्हणजे फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा आणि इंजिनाच्या अंगाला एक छोटा हातपंप असतो, तो दाबत राहायचा. आधी नुसती हवा येते, मग फेस, मग फेस आणि डिझेल, आणि शेवटी एकसारखं डिझेल. तेव्हा पंप न थांबवता बोल्ट आवळायचा. एकाच माणसाला दोन्हीकडं हात पुरत नाहीत. एरवी हे कुणालातरी धरून आणायचे. त्या दिवशी मी बंपरवर चढले.

"दाबू का?"

"दाब. हळू. मूठ सोडू नगं."

तो पंप अंगठ्यात आणि बोटात मावेल एवढाच, पण दाबून दाबून मनगट भरून येतं. मी थकले की भाभी, भाभी थकली की मी. बोल्टाच्या फटीतून सुं सुं आवाज यायला लागला आणि मग बुडबुडे. पहाटेपासून भाकरी थापलेले आमचे हात, त्यावर आता डिझेलचे ओघळ. भाभीनं पंप मारता मारता हौद्यातल्या बायकांचं भजन गुणगुणायला सुरुवात केली, तिला ते आमच्यापेक्षा चांगलं येतं. त्या चालीवर पंप मारला तर हात दुखेना. ह्यांनी मान वर करून आम्हा दोघींकडं बघितलं. पारावरच्या बैठकीपासून त्यांच्या तोंडावर जे मळभ होतं ते जरासं हललेलं मला दिसलं.

"आलं, आलं, साफ आलं! थांबू नगं, आवळतोय!"

मग सेल्फ. गाडी रडली, घुरघुरली, पण लागली नाही. हवा अजून पुढच्या नळ्यांत होती. ह्यांनी इंजिनावरच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले, मी केबिनमध्ये बसून किल्ली फिरवायची आणि ते "बास" म्हणाले की सोडायची. नटांतून डिझेलच्या पिचकाऱ्या उडाल्या, ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षी झाली. सगळे नट आवळून हे म्हणाले, "आता मार." मी किल्ली फिरवली. टक्. बस, नुसतं टक्. बॅटरीनं मान टाकली होती.

"बया!" मी ओरडले. "आत्ताच मरायचं हुतं व्हय तुला?"

ट्रॅक्टरवाला मात्र मजेत होता. "टोचन लावू की," म्हणाला. ट्रॅक्टरला लोखंडी साखळी होती. ती गाडीच्या पुढं अडकवली. हे स्टिअरिंगवर बसले, गिअर टाकून क्लच दाबून धरला. ट्रॅक्टरनं ओढायला सुरुवात केली. गाडी हलली. आम्ही दोघी साड्या सावरत बाजूनं पळतोय. थोडा वेग आल्यावर ह्यांनी क्लच सोडला. गाडीनं सगळ्या अंगाला हिसका दिला, एक खोकला काढला, मग दुसरा, मग काळ्या धुराचा हा एवढा लोट, आणि धड, धड, धडधडधड.

मी आयुष्यात काही चांगली गाणी ऐकली आहेत. पण त्या आवाजाला तोड नाही. भाभी आणि मी रस्त्यावर एकमेकींना मिठी मारून नाचलो, दोघींच्या पाठीवर डिझेलचे पंजे उमटले. ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढून हवेत उडवली, ती उसात जाऊन पडली आणि तो ती शोधायला गेला.

सगळे सुखात, आणि हे स्टिअरिंगवर तोंड पाडून गाडी वळवायला जागा बघतायत.

"आता काय झालं?" मी केबिनमध्ये चढत विचारलं.

"रिकामी गाडी घिऊन मांडवात काय जायाचं? घरला वळवतो."

"वळवा की," मी म्हणाले. "पन मी हितनं चालत सप्त्याला जानार. सकाळपासनं पोटात अन्नाचा कन न्हाई आन हात बघा माझं. मला पंगतीत बसायचंय, तुमच्या संगं बसायचंय. लोकं हसली तर मी बघून घेते येकेकाला."

भाभी म्हणाली, "मी बी चालत जानार, भाऊ. आन वाटंत सगळ्यांना सांगत जानार."

हे हसले. गाडी सप्त्याच्या दिशेनं निघाली.

मांडवाच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं मोठी चिंच आहे. वळणावर आलो तर चिंचेखाली गाड्या उभ्या. पुढं भाऊजींची पिकअप, मागं तो टेम्पो, आणि रस्त्यावर आमच्या गावची सगळी माणसं, बायका, भजनी मंडळ, कुणी बसलेलं, कुणी उभं. मला वाटलं भाऊजींचीही गाडी बंद पडली की काय. हे खाली उतरले. भाऊजी पुढं आले, आणि आले ते ओरडतच.

"किती येळ, दादा? हितं जीव टांगनीला लागला आमचा! कीर्तन संपत आलं आसंल. फाळका पाड, फाळका पाड!"

"भाकरी... अजून हितंच?" हे म्हणाले.

"मंग? तुझ्या गाडीतनं जायाच्या हुत्या ना? तूच सांगितलंस सगळ्यांच्या म्होरं."

मग भाऊजींनीच फाळका पाडला. माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "वैनी, साड्या झटका, पीठ पडलंय." पिकअपमधून आणि टेम्पोतून भाकरींच्या चवडी हातोहात आमच्या हौद्यात आल्या. मघाशी तिकडं गेलेली प्रत्येक भाकरी परत इकडं आली. भजनी मंडळातले म्हातारे, बायका, टेम्पोवाला, सगळे साखळी करून उभे, आणि गाडी आपली चालू, धडधडत. एका बाईनं माझ्या कानात सांगितलं की पिकअप चिंचेखाली थांबवली ती भाऊजींनीच, आणि टेम्पोवाला पुढं निघाला तर त्याच्या आडवी घातली.

चिंचेपासून मांडव हाकेच्या अंतरावर. शेवटचं तेवढंच अंतर आमच्या गाडीनं पुन्हा भाकरी नेली. पुढं टाळ-पखवाज, मागं भजन म्हणणाऱ्या बायका, मधे आमची काळी-पांढरी, डिझेलनं माखलेली गाडी. बुवांनी त्या दिवशी कीर्तन लांबवलं होतं. बुवा एरवीही कीर्तन लांबवतात आणि एरवी मी त्यांच्या नावानं बोटं मोडते. त्या दिवसापासून मोडत नाही.

शेवटची भाकरी मांडवात उतरली तेव्हा आत कीर्तन चालूच होतं. आता गाडी बंद करायला हरकत नव्हती. हे केबिनमध्ये चढले, पण हात पुढं करून थांबले. दार उघडून भाऊजींना म्हणाले, "ये, तू बंद कर."

"मी?" भाऊजी म्हणाले.

"ये म्हनलं ना."

भाऊजी चढले आणि किल्ली फिरवली. गाडी बंद होईना. हे म्हणाले, "तुझी नवी गाडी न्हाई ती. ते बटन वढ." भाऊजींनी बटण ओढलं. गाडी थांबली. दोघं भाऊ त्या केबिनमध्ये जरा वेळ तसेच बसून राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही, हे माझ्याबाबतीत आश्चर्यच.

पंगतीत ते शेजारी शेजारी बसले. ह्यांच्या पत्रावळीत आलेल्या भाकरीवर काळा अंगठा उमटलेला होता, माझा की भाभीचा कोण जाणे. ह्यांनी ती मोडली, अर्धी भावाच्या पत्रावळीत टाकली, अर्धी आमटीत कुस्करली. ट्रॅक्टरवालाही आला होता, टोपी सापडलेली होती.

जेवणं झाली, ह्यांनी सेल्फ मारला, आणि तोच रडका आवाज आला. मांडवाच्या सावलीत भाऊजी नुकतेच आडवे झाले होते. कोणी हाक मारायच्या आत ते उठून चपला घालायला लागले. मीही मागं जाऊन फाळक्याला हात लावला, अख्खं गाव लागलं.

"भाऊजी," मी ढकलता ढकलता विचारलं, "भंगाराचं काय ठरलं मग?"

"वैनी," ते म्हणाले, "बोलू नका, दम लागलाय. ढकला."

गाडीनं पुढं हिसका दिला, काळा धूर आम्हा दोघांच्या तोंडावर सोडला आणि सुरू झाली.